आईचा फोन भरलाय. अ‍ॅप्स मेमरी कार्डावर हलवता येतात का?

चिंचगुळ:
नमस्कार मंडळी. आई वाईला, मी पुण्यात. आईचा फोन २०१८ सालचा, अँड्रॉइड ८, आतली जागा ३२ जीबी. गेले दोन महिने रोज सकाळी तिचा एकच फोन, "अगं, तो परत जागा नाही म्हणतोय." बँकेचं अ‍ॅप अपडेट केल्याशिवाय उघडत नाही आणि जागेअभावी अपडेट होत नाही. मग पेन्शन जमा झाली का हे बघायला आई भर उन्हात पासबुक घेऊन निघते.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बसून तिला नको ती अ‍ॅप्स काढायला लावली. त्यात भाच्याचे दोन खेळ गेले, भाचा रुसला. मोकळी झालेली जागा आठवड्याभरात परत गायब.

म्हणून १२८ जीबीचं मेमरी कार्ड घेतलंय. येत्या शनिवारी वाईला जाऊन सगळी अ‍ॅप्स त्यावर हलवून टाकायची असा बेत आहे. हे होतं का? कसं करायचं? व्हॉट्सअ‍ॅप हललं तरी निम्मं काम होईल असं वाटतंय. नवा फोन घ्या हा सल्ला कृपया नको. या फोनाची बटणं तिला पाठ आहेत.

तळ्यातमळ्यात:
अ‍ॅप्स कशाला, आईंनाच पुण्याला हलवा. (दिवे घ्या, गंमत आहे.)

सदाफुली:
वाचतेय. आमच्याकडे सासूबाई, बाकी कथा तीच.

घाटावरचा:
कार्ड कुठून घेतलंत? पाकीट फोडायच्या आधी हे सांगा.

मी एकदा रस्त्यावरच्या टेबलावरून ६४ जीबीचं कार्ड निम्म्या किमतीत घेतलं होतं. हरिश्चंद्रगडाला गेलो, दोन दिवस मनसोक्त फोटो काढले. घरी येऊन बघतो तर पहिल्या दिवशीचे फोटो ठीक, दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या फायलींची नावं दिसतायत आणि उघडल्यावर करडा चौकोन. कोकणकड्यावरचा सूर्यास्त करडा. त्या कार्डाच्या चिपला "मी ६४ आहे" असं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा ७-८ जीबी. ती भरली की पुढचं सगळं हवेत जातं किंवा जुन्यावरच लिहिलं जातं, आणि फोन बिचारा तक्रारही करत नाही.

विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट साधन मिळतं, लिनक्सवर एफ३. कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतात. १२८ ला काही तास लागतील, रात्री लावून झोपा.

चिंचगुळ:
@घाटावरचा, दुकानातून घेतलंय, पावती आहे. पण आता धाकधूक लागली. आज रात्रीच लावते.

बाराखडी:
थोडं मागून सांगतो, म्हणजे "हलवायचं बटण का दिसत नाही" हा पुढचा प्रश्न टळेल.

अ‍ॅप कार्डावर ठेवायची सोय २०१० साली अँड्रॉइड २.२ मध्ये आली. त्यातसुद्धा अ‍ॅप हलू द्यायचं की नाही हे अ‍ॅप लिहिणाऱ्याच्या हातात. त्यानं परवानगी लिहून ठेवली नसेल तर अ‍ॅप आतच राहतं. आणि परवानगी असली तरी हलतो तो फक्त मुख्य गठ्ठा. तुमचा डेटा आणि डेटाबेस फोनातच राहतात. म्हणजे ८० एमबीचं अ‍ॅप हलवलं की ८० एमबी मोकळे होतील हा भ्रम. बिऱ्हाड हलवलं आणि माळ्यावरचं सामान जुन्याच घरात राहिलं, असं काहीसं.

२०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं आणि दुसरा मार्ग निघाला: कार्ड फोनानं दत्तक घ्यायचं. कार्ड पूर्ण पुसलं जातं, त्यावर कुलूपबंद साठवण होते आणि फोन त्याला आपलाच भाग मानतो. किल्ली फोनाच्या पोटात. ते कार्ड दुसऱ्या फोनात किंवा संगणकात घातलं तर काही वाचता येत नाही. हा पर्याय बऱ्याच कंपन्यांनी आपल्या फोनांतून काढून टाकला. काहींनी जुन्या पद्धतीचं बटण आपापल्या परीनं ठेवलं. पुढे अँड्रॉइड ९ मध्ये गूगलनं ती जुनी पद्धत मुळातूनच काढली.

तुमचा ८ आहे, म्हणजे शक्यता आहे. कार्ड आत घाला, सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यातलं एखादं अ‍ॅप, त्यात साठवण. तिथे "बदला" असं बटण आलं तर ते अ‍ॅप हलेल. नाही आलं तर विषय संपला. व्हॉट्सअ‍ॅपला ते येणार नाही. ते कार्डावर जात नाही.

झणझणीत:
बाराखडी गुरुजी, २.२ म्हणालात आणि डोळे पाणावले. माझा पहिला स्मार्टफोन गॅलॅक्सी वाय. आतली जागा १८० एमबी. जीबी नाही हो मुलांनो, एमबी! आजकाल एका लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठा येतो. नवीन अ‍ॅप घ्यायचं तर आधी कुणाचा बळी द्यायचा यावर हॉस्टेलच्या खोलीत चर्चा व्हायची.

मग कुणीतरी लिंकटूएसडी दाखवलं. कार्डाचे दोन भाग करायचे, फोन रूट करायचा (म्हणजे कंपनीनं बंद ठेवलेले अधिकार आपल्या हातात घ्यायचे) आणि अ‍ॅपच्या फायली दुसऱ्या भागात टाकून आत नुसता दुवा ठेवायचा. अ‍ॅपला वाटतं आपण घरातच आहोत. अख्ख्या मजल्यावरच्या पोरांचे फोन मी असे करून दिले, फी एक अंडा भुर्जी. मग ताईच्या लग्नात होणाऱ्या भावजींचा फोन घेतला. तो आजतागायत सुरू झालेला नाही. भावजी अजून माझ्या हातात रिमोटसुद्धा देत नाहीत.

तळ्यातमळ्यात:
अंडा भुर्जीचे भाव वाढले का?

वाळवण:
दत्तक कार्डाबद्दल उगाच भीती घालू नका. मी तीन वर्षं तसंच वापरतोय, १६ जीबीच्या फोनात ६४ चं कार्ड. काही होत नाही. फक्त कार्ड ए१ छापाचं घ्या.

लोक क्लास १० बघतात आणि खूश होतात. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी सलग लिहिण्याची हमी, गव्हाचं पोतं एका दमात ओतल्यासारखं. व्हिडिओला ते पुरतं. अ‍ॅपला पोतं नको असतं. त्याला मिसळणाच्या डब्यातून चिमूट मोहरी, चिमूट हिंग, परत मोहरी, असं चाललेलं असतं. सेकंदाला किती चिमटी निघतात ते ए१ वरून कळतं: वाचायच्या किमान १५००, लिहायच्या ५००. ही खूण २०१६ च्या शेवटी आली, त्याआधीच्या कार्डांवर शोधू नका. ए२ चे आकडे मोठे आहेत, ४००० आणि २०००, पण तेवढा वेग घ्यायची तयारी फोनातही असावी लागते. नसेल तर वरचे पैसे वाया.

मोगरी:
@वाळवण, काही होत नाही ते होईपर्यंत. माझं कार्ड असंच दत्तक होतं. एके दिवशी दुपारी फोन म्हणाला, कार्ड सापडत नाही. अर्धी अ‍ॅप्स करडी झाली, आणि हलवताना "फोटोही हलवू का" याला मी हो म्हटलं होतं, त्यामुळे लेकीच्या बारशापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचं सगळं त्यात. दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं कार्ड रीडरमध्ये घातलं, स्क्रीनकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "फॉरमॅट करू का?" मी त्याच्या हातातून ओढून घेतलं. अजून कपाटात आहे ते. उघडत नाही, टाकवत नाही.

अर्धे फोटो नणंदेकडून, अर्धे पाळणाघराच्या ग्रुपवरून जमवले.

वाळवण:
वाईट झालं. पण बॅकअप नव्हता हा कार्डाचा दोष कसा? आतली मेमरीही मरते.

मोगरी:
मरते. पण बोटाच्या नखाएवढं, दीड हजाराच्या आतलं कार्ड आधी मरतं. आणि ज्यांना बॅकअप म्हणजे काय हे माहीत आहे ते इथे विचारायला येत नाहीत.

घाटावरचा:
मोगरी +१. कार्डावर फोटो, गाणी, पुस्तकं ठेवा, म्हणजे काढून दुसरीकडे वाचता येतात. अ‍ॅप्स ठेवू नका.

सदाफुली:
अवांतर: मेमरी कार्डाला मराठीत काय म्हणतात? मुलाच्या शाळेच्या निबंधात हवंय.

तळ्यातमळ्यात:
स्मृतिपत्रिका. ऐकून दहाव्याची आठवण होते.

बाराखडी:
साठवणपट्टी चालेल.

झणझणीत:
कणगी! आमच्या गावी घरात धान्याची कणगी असायची. भरली की आजी म्हणायची, आता पुढचं लेकीकडं पाठवा. आईंच्या फोनाची कणगी भरलीय, एवढाच हा धागा आहे.

सदाफुली:
कणगी पक्कं. मास्तरांनी मार्क कापले तर तुम्ही जबाबदार.

आजोबा७२:
इथे अजून कुणी "शुभ सकाळ" संदेशांवर घसरलं नाही याचं आश्चर्य वाटतं. ते व्हायच्या आत लिहितो.

मी टपाल खात्यात ३६ वर्षं काढली. आलेली पिशवी त्याच दिवशी रिकामी झाली पाहिजे ही हाडात मुरलेली सवय. व्हॉट्सअ‍ॅपमध्येही तेच करतो. सेटिंग्जमध्ये साठवण आणि डेटा हा भाग आहे, त्यात साठवण व्यवस्थापित करा. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली वेगळ्या काढलेल्या असतात, अनेकदा पुढे ढकललेल्या वेगळ्या. खाली प्रत्येक ग्रुपनं किती जागा खाल्ली तेही क्रमानं दिसतं. दर रविवारी चहाबरोबर २० मिनिटं देतो. त्याच सेटिंगमध्ये आपोआप डाउनलोड बंद करता येतं, म्हणजे ज्या फुलावर बोट ठेवाल तेच फूल उतरतं.

माझ्या फोनात १६ जीबी आहेत, त्यातले ४ कायम मोकळे. कार्ड घातलेलं नाही.

चिंचगुळ:
आजोबा, __/\__ हे आईला वाचून दाखवणार आहे.

तळ्यातमळ्यात:
आजोबांनी सगळ्यांची पिशवी रिकामी केली.

बाराखडी:
आजोबांच्या प्रतिसादाला जोडून एक. कॅशे पुसा आणि डेटा पुसा ही दोन बटणं शेजारीशेजारी असतात. कॅशे म्हणजे अ‍ॅपनं तात्पुरतं साठवलेलं, तो पुसला तर काही बिघडत नाही, दोन दिवसांत परत भरतो. डेटा पुसला तर अ‍ॅप कोरं होतं. व्हॉट्सअ‍ॅपचं असं झालं तर पहाटे २ वाजता फोनातच जी प्रत निघते तिच्यावरून गप्पा परत येतात, पण त्यानंतरच्या गेल्या. आईंना फोनवरून सांगताना "ते पुस" असं म्हणू नका, अक्षर न् अक्षर वाचायला लावा. गूगलचं फाइल्स अ‍ॅप त्यापेक्षा सुरक्षित, पुसायच्या आधी दाखवतं.

पणजीकार:
कार्ड घालणारच असाल तर पावसाळ्यात ट्रे नीट कोरडा करून घाला. आमच्याकडे जुलैत कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात आणि फोन "कार्ड नाही" म्हणतो. खोडरबरानं हलक्या हातानं पुसलं की परत ओळखतो. मोगरीताई, तुमच्या कपाटातल्या कार्डावर एकदा करून बघा. त्याच फोनात घालून, दुसऱ्या नको.

मोगरी:
तो फोन एक्स्चेंजमध्ये दिला.

पणजीकार:
अरे देवा.

चिंचगुळ:
दोन बातम्या. एक, कार्ड अस्सल निघालं, पहाटे चारपर्यंत तपासणी चालली.

दोन, आईला व्हिडिओ कॉलवर ट्रे उघडायला लावला. पिन मिळेना, गोधडीची सुई चालली. ट्रेमध्ये दोन सिम. मी विचारलं, दुसरं कुणाचं? म्हणे बाबांचं. बाबा मोबाइल वापरत नाहीत, पण गॅस, वीजबिल आणि त्यांचं बँक खातं त्या नंबरला जोडलेलं, म्हणून ते सिम आईच्या फोनात. आणि या ट्रेमध्ये दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्ही एकदम बसत नाहीत. आता?

वाळवण:
संकरित ट्रे! हे पहिल्याच पोस्टमध्ये विचारायला हवं होतं आपण सगळ्यांनी.

झणझणीत:
सिम तासून कार्डाच्या पाठीला चिकटवण्याचा एक प्रकार असतो. मी सांगितलं असं भावजींना सांगू नका.

घाटावरचा:
करू नका!! ट्रे आत अडकतो. ओटीजी पेन ड्राइव्ह घ्या, फोनाच्या चार्जिंगच्या भोकात बसणारा. फोटो त्यावर काढून घ्या, ट्रेला हात लावू नका.

चिंचगुळ:
शनिवार-रविवार वाईला होते, सविस्तर लिहिते.

हट्टानं आधी कार्डाचाच प्रयोग केला. शनिवारी दुपारी बाबांचं सिम काढलं, कार्ड घातलं. "बदला" बटण आलं! आईची १४ अ‍ॅप्स तपासली, त्यातल्या तिघांना आलं. पंचांग, एक पाककृतींचं आणि एक पत्त्यांचा खेळ. तिन्ही हलवली. मोकळी झालेली जागा १४० एमबी. १२८ जीबीच्या कार्डाची ही कमाई. शिवाय पंचांग हलवल्याबरोबर मुख्य पडद्यावरची तिथीची चौकट नाहीशी झाली. आई चष्मा लावून फोन उलटापालटा करतेय, "अगं, आज दशमी की एकादशी? मी भगर भिजवू का नको?"

तेवढ्यात दारात सिलिंडरवाला. "काकू, कोड सांगा." कोड बाबांच्या नंबरवर, बाबांचं सिम माझ्या पर्समध्ये, पर्स गाडीत. तो भला माणूस ओट्यावर बसून राहिला. मी सुई शोधतेय, बाबा शांतपणे म्हणाले, "वही होती तेव्हा बरं होतं." पंचांग आत आणलं, कार्ड काढलं, सिम परत घातलं. तोवर सिलिंडरवाल्याचा चहा झाला होता.

मग आजोबांच्या पद्धतीनं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. फार काही निघालं नाही, २ जीबी. आई फुलंबिलं उघडतच नाही. मग गेलं कुठे सगळं? फाइल्स अ‍ॅपमध्ये मोठ्या फायली बघितल्या तर रेकॉर्डिंग या फोल्डरमध्ये ९७ फायली, मिळून ११ जीबी.

आई भजनी मंडळात जाते, मंगळवार आणि शुक्रवार. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, चाल रेकॉर्ड करून घरी ऐका. गेल्या गणपतीपासून आई मंदिरात शिरताना लाल बटण दाबते आणि घरी येऊन चपला काढल्यावर बंद करते. दर खेपेला दोन तास. मी मधलीच एक फाइल लावली. पंचवीस मिनिटं भजन, दहा मिनिटं तबला लावणं, आणि उरलेला वेळ कुणाच्या सुनेनं गौरीला पुरणपोळ्या विकत आणल्या यावर खल. मागे अधूनमधून टाळ.

झणझणीत:
कणगीत धान्य कमी आणि गप्पा जास्त!

बाराखडी:
हिशेब जुळतो. १२८ केबीपीएसचं (सेकंदाला १२८ किलोबिट) रेकॉर्डिंग तासाला ५८ एमबीच्या आसपास जागा खातं. दोन तासांचे ११५, गुणिले ९७. अ‍ॅप्स काढून काही होणारच नव्हतं, दर आठवड्याला सव्वादोनशे एमबी नव्यानं येत होते.

आजोबा७२:
पुसू नका हो ती. आधी दुसरीकडे ठेवा.

चिंचगुळ:
@आजोबा, पुसू देतेय कोण! "सगळं ऐकून झाल्याशिवाय एकही काढायचं नाही." १९४ तास आहेत म्हटलं. म्हणाली, मला कुठं जायचंय.

मग सगळं माझ्या लॅपटॉपवर घेतलं, तिथून एक प्रत पेन ड्राइव्हवर, मोजून ९७ आहेत हे दोनदा बघितलं आणि मगच फोनातून काढलं. ११ जीबी मोकळे. बँकेचं अ‍ॅप अपडेट झालं, पेन्शन आलेली दिसली. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये दर्जा सगळ्यात खालचा केलाय, आणि लाल बटण बाईंनी चाल सांगायला सुरुवात केल्यावर दाबायचं असं ठरलंय. बघू.

ऐकायचं कशावर, तर मंडळाचा एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आईकडेच असतो. त्याच्या मागे कार्डाची खाच! १२८ चं घातलं, तर स्पीकर नुसता टुक टुक करतो.

वाळवण:
१२८ एक्सफॅट असतं, म्हणजे कार्डावर फायली मांडायची नवी पद्धत. स्वस्त स्पीकर फॅट३२ ही जुनी पद्धतच वाचतात, बहुतेक ३२ जीबीपर्यंत. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत एवढ्या मोठ्या कार्डाला फॅट३२ चा पर्याय मिळायचाही नाही. छोटं कार्ड बघा.

चिंचगुळ:
हो, शेवटी आईच्या जुन्या बटणांच्या फोनातलं ८ जीबीचं सापडलं. त्यात साठ फायली मावल्या. कालपासून स्वयंपाकघरात वाजतंय. आज सकाळी आईचा फोन आला, मला वाटलं परत जागा नाही. तर म्हणे, "अगं, फाल्गुनातल्या एका शुक्रवारी आम्ही सगळ्याच बेसूर होतो."

घाटावरचा:
आणि ते १२८ चं अस्सल कार्ड? विकणार असाल तर सांगा, पावतीसकट घेतो.

चिंचगुळ:
आईकडेच राहिलं. हरवू नये म्हणून तिनं देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवलंय, सुपारीशेजारी.